प्लास्टिकच्या मोटारगाड्यांची किट्स: जोडणी, रंगकाम आणि संग्रह यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत ओळखीच्या, अनोळखी आणि क्वचित घरच्याही मंडळींनी विचारलेले आहेत. उत्तरे कोकणपट्टीच्या दमट हवेत, दोन खोल्यांच्या घरातील एका टेबलावर बसून आलेल्या अनुभवावर बेतलेली आहेत. नागपूर किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत जिथे फरक पडतो, तिथे तसे सांगितले आहे.

किट आणि डायकास्ट गाडी यांत नेमका फरक काय?

डायकास्ट गाडी जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते आणि ती रंगवून, जोडून, तयार अवस्थेतच विकली जाते. किटच्या खोक्यात गाडी नसते. गाडी होऊ शकेल असे शंभराच्या आसपास सुटे भाग असतात. हे भाग पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे असून ते ज्या चौकटीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात. बॉडी बहुधा एकसंध येते, काचांसाठी पारदर्शक स्प्रू वेगळा असतो, बंपर आणि आरसे यांच्यावर क्रोमचा मुलामा असतो, टायर मऊ रबरासारखे असतात आणि नंबरप्लेट, चिन्हे, पट्टे यांसाठी पाण्यात भिजवून लावायचा डेकलचा कागद असतो. गोंद आणि रंग खोक्यात नसतात, ही बाब पहिले खोके घरी आणून उघडल्यावरच अनेकांच्या लक्षात येते.

काही किट्समध्ये बॉनेटखाली पूर्ण इंजिन असते. काहींत ते नसते आणि गाडी फक्त बाहेरून व आतल्या सीटपर्यंत खरी दिसते. दुसरा प्रकार कमी प्रतीचा समजण्याचे कारण नाही. बॉनेट बंद राहणार असल्याने बॉडीची ठेवण त्यात उलट अधिक नेटकी साधते.

१:२४ आणि १:२५ ही इतकी जवळची दोन प्रमाणे कशासाठी?

दोन्ही प्रमाणे वेगवेगळ्या वाटांनी आली. १:२४ हे फूट-इंचांच्या हिशेबातून आलेले आहे: खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. त्याच हिशेबाने एक फुटाला एक इंच धरले की १:१२ होते. १:२५ चे मूळ अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात आहे. तिथे नव्या वर्षाची गाडी बाजारात आली की विक्रेत्यांकडे तिची लहान प्लास्टिकची प्रतिकृती जाहिरातीसाठी ठेवली जाई, आणि ती बहुधा १:२५ ची असे. याच प्रतिकृतींच्या साच्यांवरून एएमटी या कंपनीने १९५८ मध्ये वार्षिक किट्स काढली. एकाच खोक्यातून मूळ रूपातली, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी करता येई. अमेरिकी किट्स आजही प्रामुख्याने १:२५ ची असतात, तर जपानी आणि युरोपीय किट्स १:२४ ची. डायकास्टमध्ये लोकप्रिय असलेले १:४३ हे प्रमाण तिसऱ्याच घराण्यातले आहे; ते ओ गेज या खेळण्यातल्या रेल्वेकडून आले, ज्यात एका फुटाला सात मिलिमीटर धरले जात.

फरक डोळ्यांना किती जाणवतो हे आपल्या ॲम्बॅसडरवरून काढता येईल. तिची लांबी सुमारे ४,३२५ मिलिमीटर. ती १:२४ मध्ये १८० मिलिमीटर होईल, १:२५ मध्ये १७३, १:४३ मध्ये जेमतेम १००. म्हणजे पहिल्या दोघींत सात मिलिमीटरचे अंतर आहे. कपाटात शेजारी शेजारी ठेवल्यास ते कुणाच्या लक्षात येत नाही, पण एका किटचे इंजिन दुसऱ्या किटमध्ये बसवायला घेतले की तेवढ्यावरच सारे अडते.

पहिले किट कोणते घ्यावे?

ज्या गाडीवर आपला जीव आहे ते पहिल्यांदा घेऊ नये. पहिल्या किटवर गोंदाचे ठसे उमटतात, रंग ओघळतो, काच धुरकट होते; हे सगळ्यांचे होते, आणि ते आवडत्या गाडीवर झाले की माणूस छंदच सोडून देतो.

निव्वळ जोडणीचा अंदाज घ्यायचा असेल तर आओशिमा या जपानी कंपनीची १:३२ मधील स्नॅप किट्स चांगली आहेत. त्यांत भाग खटकन एकमेकांत बसतात, गोंद लागत नाही आणि प्लास्टिक आधीच रंगीत असते. सुझुकी जिमनी या मालिकेत आहे. गोंद आणि रंग यांच्यासह खरी सुरुवात करायची असेल तर टामियाचे १:२४ मधील इंजिनाविना असलेले एखादे किट घ्यावे. त्या कंपनीची १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल अनेकांनी पहिली म्हणून केलेली आहे: गोलाकार बॉडी, वेगळे बसणारे मडगार्ड, आणि अगदी फिक्या रंगात, चकाकी कमी पडली तरी शोभणारी गाडी.

टामियाची मूळ कथा जाता जाता सांगण्यासारखी आहे. जपानच्या शिझुओका शहरात १९४६ मध्ये ती लाकडाच्या वखारीच्या रूपाने सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेल करू लागली आणि तिचे पहिले प्लास्टिक किट १९६० मध्ये आले, तेही यामातो या युद्धनौकेचे. पोर्शे ९३४ (९११ ची शर्यतीची आवृत्ती) चे १:१२ मधील मॉडेल काढण्यापूर्वी कंपनीने खरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी केली होती, अशी या छंदातली प्रसिद्ध हकीकत आहे. फुजिमी, आओशिमा आणि हासेगावा याही कंपन्या त्याच शिझुओका प्रांतातल्या.

जुनी अमेरिकी किट्स मात्र पहिल्या खेपेला टाळावीत. त्यांचे साचे पन्नास-साठ वर्षांचे असू शकतात, कडांना प्लास्टिकचे पापुद्रे येतात आणि सूचनापत्रक गृहीत धरते की आपल्याला गाडी कशी उघडते ते ठाऊक आहे.

सुरुवातीला कोणती हत्यारे लागतात?

भाग कापायला सपाट पात्याचा निपर, धारदार हॉबी नाइफ, चिमटा, ४०० ते २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) आणि मास्किंग टेप एवढ्यावर पहिली गाडी होते. वॉटर पेपर मोटारीचा रंग विकणाऱ्या दुकानात सुटा मिळतो. मॉडेलच्या नावाने विकला जाणारा महाग पेपर घेण्याची गरज नाही. भाग पकडून रंगवण्यासाठी कपड्यांचे चिमटे आणि उदबत्तीच्या काड्या पुरतात. टेप मात्र चांगलाच घ्यावा. घरांच्या रंगकामात वापरतात तो टेप मॉडेलवर दोन प्रकारे फसवतो: कडेखालून रंग आत जातो आणि काढताना खालचा रंग सोबत घेऊन येतो.

स्प्रूवरून भाग कापताना निपर भागाला टेकवून एकाच दाबात कापू नये. आधी थोडे अंतर सोडून कापावे, मग उरलेला खुंट सुरीने पातळ पातळ काढावा आणि शेवटी पेपर मारावा. एकदम कापल्यास तिथले प्लास्टिक ताण येऊन पांढरे पडते, आणि हा पांढरा डाग पातळ रंगाखालूनही दिसतो.

फेविक्विक चालेल का?

काही ठिकाणी चालेल, पण मुख्य गोंद म्हणून नाही. मॉडेलचा पातळ गोंद खरे तर चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीन विरघळवतो, दोन्ही कडा क्षणभर मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेल्यावर एकच तुकडा उरतो. म्हणून दोन भाग आधी कोरडे जुळवायचे आणि मग ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवायचे. केशाकर्षणाने गोंद आपोआप फटीभर धावतो. या वेळी फटीवर बोट असेल तर गोंद बोटाखालीही शिरतो आणि बॉडीवर बोटाचा ठसा कायमचा उमटतो. माझ्या पहिल्या तिन्ही गाड्यांवर असे ठसे आहेत.

फेविक्विकसारखा गोंद धातू, रेझिन किंवा क्रोम असलेल्या भागांसाठी उपयोगी आहे, परंतु काचेजवळ त्याला येऊ देऊ नये. सुकताना निघणारी त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढऱ्या धुक्यासारखी बसते. काचांसाठी पांढरा फेविकॉल सर्वांत उत्तम: सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो. मोठ्या खाचा भरायला किंवा चाकांच्या कमानी वाढवायला एम-सील वापरता येते. त्याचा कण जाड असतो, म्हणून वर बारीक पुट्टीचा एक हात द्यावा लागतो, पण पाण्याच्या टाकीसाठी आणलेली उरलेली वडी वाया जात नाही.

बॉडीला खऱ्या गाडीसारखी चकाकी का येत नाही?

मोटारीच्या मॉडेलमधील खरा अवघड भाग हाच आहे. रणगाडा रंगवताना धूळ, चिखल, गंज यांच्याखाली बऱ्याच चुका झाकल्या जातात. मोटारीच्या चकचकीत दारावर एक केस अडकला तरी तोच आधी दिसतो. आणि जाडीचे गणित फार निष्ठुर असते: बॉडीवर रंगाचा थर ०.१ मिलिमीटर चढला, तर तो १:२४ च्या हिशेबाने खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर जाडीचा झाला. दारांच्या फटी बुजतात, कंपनीच्या चिन्हाची उठावदार अक्षरे दिसेनाशी होतात आणि गाडी साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी दिसते. म्हणून सगळी कला पातळ थर देण्यात आणि दोन थरांमध्ये वाट पाहण्यात आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवतो. प्रथम बॉडीवरून जाणाऱ्या साच्याच्या जोडरेषा ६०० नंबरच्या पेपरने काढतो. या रेषा मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या कडेने जातात व प्रायमर मारेपर्यंत नजरेस पडत नाहीत. दारांच्या फटी सुरीच्या पाठीने जरा खोल करतो, कारण त्यांत रंग भरणारच असतो. नंतर बॉडी भांड्यांच्या साबणाने धुऊन झाकून वाळवतो, कारण साच्यातून सुटण्यासाठी वापरलेला तेलकट पदार्थ तिच्यावर राहिलेला असू शकतो. मग प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन धुक्यासारखे हात आणि त्यांवर एक ओलसर हात. शेवटी क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर.

स्प्रे कॅन वापरत असाल तर तो पाच मिनिटे कोमट पाण्यात उभा ठेवावा, म्हणजे आतला दाब वाढून फवारा बारीक येतो. पाणी कोमटच असावे. कॅन गॅसजवळ नेऊ नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये असे वाटते, पण ती आलेली आहे. फवारा गाडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा, अंतर साधारण एक वीत. एअरब्रश (दाबाच्या हवेने रंग फवारणारे पेनासारखे हत्यार) असेल तर ०.३ मिलिमीटरचे नोझल आणि दुधाइतका पातळ रंग हे बॉडीला मानवते.

लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग द्यायचा असेल तर अधिक सावध राहावे. लाल रंगद्रव्य वरच्या थरांतून झिरपते आणि आठवड्याभरात पांढरी गाडी गुलाबी होते. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर दिला तर ते अडते.

मोटारीच्या टचअपचा रंग फवारता येतो का, हाही नेहमीचा प्रश्न आहे. साधा रंग असेल आणि खाली चांगला प्रायमर असेल तर येतो; मेटॅलिक असेल तर टाळावा, कारण खऱ्या गाडीसाठी योग्य असलेले धातूचे कण मॉडेलवर खड्यांसारखे दिसतात. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर एअरब्रश धुण्यासाठी ठेवावा. तो उघड्या प्लास्टिकवर पडला तर पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उमटतात.

रंगांच्या जातींचा क्रमही पाळावा लागतो. लॅकर म्हणजे झपाट्याने वाळणारा रंग, इनॅमल म्हणजे सावकाश वाळणारा. लॅकरवर इनॅमल चालते. इनॅमलवर लॅकर दिला तर खालचा थर सुरकुततो.

क्लिअर कोट आठवडाभर वाळू दिल्यावर २००० नंबरचा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा आणि मग बारीक कंपाउंडने घासावे. धारदार कडांवर पेपर नेऊ नये. तिथे रंग सर्वांत पातळ असतो आणि दोनच फेऱ्यांत खालचा प्रायमर डोकावतो.

पावसाळ्यात रंगकाम करता येते का?

मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर लॅकर फवारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅकरमधील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्या थंड थरावर जमते आणि चकचकीत काळा रंग राखेसारखा पांढुरका पडतो. सावकाश उडणारा रिटार्डर मिसळल्यास थोडा बचाव होतो, आणि पडलेला पांढुरकेपणा कोरड्या दिवशी थिनरचा अगदी हलका फवारा देऊन बऱ्याचदा जातो. पण सलग चार महिने असे सावरत बसण्यात अर्थ नाही. घरात आर्द्रतामापक ठेवावा. त्यात आकडा सत्तरच्या वर असेल त्या दिवशी मी एअरब्रश पेटीतून काढत नाही. एअर कॉम्प्रेसरच्या जलसापळ्यातील पाणी या दिवसांत प्रत्येक वेळी काढून टाकावे, नाहीतर दाराच्या मधोमध पाण्याचा थेंब थुंकला जातो.

म्हणून माझे वर्ष दोन भागांत विभागलेले आहे. पावसाळ्यात इंजिने, चॅसिस, सीट, डॅशबोर्ड यांची जोडणी आणि ब्रशने करायची बारीक कामे. बॉड्या तोवर पेपर मारून, धुऊन, डब्यात रांगेने ठेवलेल्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्या एकामागून एक रंगवायच्या. विदर्भात अडचण उलटी आहे: मे महिन्यात रंग बॉडीवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे पहाटे फवारावे.

घरात थिनरचा वास येतो. काय करावे?

वास हा तक्रारीचा विषय आहेच, पण आधी तो आरोग्याचा आहे. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क रंगाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मुखवटा लागतो. खिडकीत एक्झॉस्ट पंखा लावून त्यापुढे पुठ्ठ्याचा डबा ठेवला तरी काम भागते. एसी लावून बंद खोलीत थिनर फवारू नये, कारण तीच हवा खोलीत फिरत राहते. दोन घटकांचा, हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट फार सुंदर चमकतो, परंतु त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्याने लहान मुले किंवा दम्याचे रुग्ण असलेल्या घरात मी तो वापरण्याचा सल्ला देणार नाही.

डेकल लावताना फाटतात किंवा त्यांच्याखाली चंदेरी डाग दिसतात. उपाय काय?

चंदेरी डाग म्हणजे डेकलखाली अडकलेली हवा, आणि ती खरखरीत पृष्ठभागावर अडकते. डेकल चकचकीत थरावरच लावावे. कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवून कागद बाहेर काढावा आणि डेकल आपणहून सरकू लागेपर्यंत थांबावे, ओढू नये. दाराच्या फटीवरून जाणाऱ्या पट्ट्यासाठी मऊ करणारे द्रावण लावले की डेकल आधी सुरकुतते आणि मग रंगवल्यासारखे बसते. सुरकुतलेले पाहून घाबरून बोट लावण्याचा मोह आवरावा.

पिवळे पडलेले जुने डेकल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीवर काही दिवस चिकटवून ठेवल्यास पांढरे होते.

जुने किट उघडले तर टायरमुळे बॉडी वितळलेली निघाली. असे का झाले?

जुन्या किट्समधील टायर मऊ व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य वर्षानुवर्षे बाहेर झिरपत राहते. ते पॉलिस्टायरीनला खाते. दहा-वीस वर्षे टायर ज्या ठिकाणी टेकला असेल तिथे बॉडीवर, किंवा बहुतेकदा समोरच्या काचेवर, टायरच्या नक्षीचा खोल ठसा उमटतो. बॉडीवरचा खड्डा पुट्टी भरून सपाट करता येतो. काच मात्र गेली ती गेली. जुने किट घरी आले की पहिले काम म्हणजे टायर काढून वेगळ्या पिशवीत घालणे आणि पारदर्शक स्प्रूलाही स्वतंत्र पिशवी देणे. तयार गाडीतही रिमवर टायर चढवण्यापूर्वी रिमच्या कडेला रंगाचा थर असलेला बरा.

क्रोमच्या भागांना गोंद लागत नाही. काय करावे?

तो मुलामा पॉलिस्टायरीनवर निर्वात कक्षात चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यामुळे मॉडेलचा गोंद खालच्या प्लास्टिकपर्यंत पोचत नाही. जिथे जोड आहे तेवढी जागा सुरीने खरवडावी. सगळा क्रोम काढायचा असेल तर भाग कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवावा. खिडक्यांच्या कडेच्या क्रोमच्या बारीक पट्ट्या चिकट धातूच्या पातळ पत्र्याने करतात. तो लावून, काडीने दाबून, नव्या पात्याने कडेने कापायचा. पाते जुने असेल तर पत्रा फाटतो, आणि हे पाते जुने झाले आहे हे नेमके पत्रा फाटल्यावरच कळते.

ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा जिप्सीचे किट मिळते का?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर थोडे खिन्न करणारे आहे. मोठ्या कंपन्यांच्या नेहमीच्या १:२४ यादीत ॲम्बॅसडर वा पद्मिनी दिसत नाही. ॲम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड आणि पद्मिनी मूळची फियाट ११००, परंतु या दोघी परदेशातही संग्राहकांच्या लाडक्या नव्हत्या. आपल्याकडे मार्ग उरतात ते दोन: त्रिमितीय छपाईने केलेली रेझिनची बॉडी घेऊन तिच्याखाली दुसऱ्या किटचे चॅसिस बसवणे, किंवा बाजारात मिळणारी प्लास्टिकची देशी खेळण्यातली गाडी सुटी करून नव्याने रंगवणे. सेंटी या खेळण्यांच्या कंपनीची ॲम्बॅसडर टॅक्सी यासाठी अनेकांनी वापरली आहे. प्रमाण काटेकोर नसते, काचा जाड असतात, पण गाडी ओळखू येते.

मुंबईची काळी-पिवळी करताना आधी पिवळा आणि नंतर काळा द्यावा. मी एकदा उलटे केले होते आणि काळ्या छतावर पिवळ्याचे सहा हात देऊनही ते शेवाळल्यासारखे हिरवट दिसत राहिले. पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ अखेर गेल्या, तेव्हापासून या मॉडेलची विचारणा वाढलेली आहे. टॅक्सीची नंबरप्लेट पिवळी, अक्षरे काळी. ती घरी डेकल कागदावर छापायची असल्यास एवढे लक्षात ठेवावे की घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पारदर्शक कागदावरचा पिवळा काळ्या बंपरवर दिसेनासा होतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचा डेकल कागद घ्यावा.

जीपवाल्यांचे नशीब बरे आहे. महिंद्रने मुंबईत १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि विलिसचे किट टामियाने १:३५ मध्ये तर इटालेरीने १:२४ मध्ये काढलेले आहे. जिप्सीसाठी हासेगावाची १:२४ मधील जिमनी जेए११ हा आधार होऊ शकतो, पण ती आखूड आहे: जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,३७५ मिलिमीटर, जिमनीचा २,०३०. फरक ३४५ मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे साडेचौदा. बॉडी दारामागे कापून तेवढी प्लास्टिकची पट्टी घालावी लागते, आणि रुंदीही थोडी कमी पडते. पहिल्या दहा गाड्यांत हे करू नये.

जपानी किट्समध्ये उजवीकडचे स्टिअरिंग बहुधा मिळते. अमेरिकी किट्समध्ये ते डावीकडेच असते.

खोक्यावर नवे वर्ष छापलेले आहे. मग किट नवे समजावे का?

मुळीच समजू नये. किटचा सर्वांत महाग भाग पोलादी साचा असतो, आणि तो दशकानुदशके टिकतो. कंपन्या साचे विकतात, भाड्याने देतात, एकमेकींत विलीन होतात. मोनोग्राम आणि रेव्हेल १९८६ मध्ये एकत्र आल्या, त्यामुळे रेव्हेलच्या खोक्यातून मोनोग्रामच्या जुन्या साच्यातली गाडी निघणे नित्याचे आहे. खोक्याचे चित्र नवे, डेकल नवे, आत प्लास्टिक मात्र आजोबांच्या काळातल्या साच्याचे. खरेदीपूर्वी स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटची वंशावळ पाहावी. कोणता साचा कोणत्या साली आणि कोणत्या खोक्यातून आला हे तिथे दिसते.

संग्राहकासाठी याचा दुसरा अर्थ असा की, दुर्मीळ म्हणून चढ्या दराने घेतलेले किट पुढच्या वर्षी पुन्हा बाजारात येऊ शकते. तेव्हा गुंतवणूक म्हणून किट्स घेऊ नयेत. सीलबंद खोके न उघडता ठेवणाऱ्यांचा मला राग नाही, मात्र आत भाग पूर्ण आहेत की नाहीत हे त्यांनाही ठाऊक नसते.

परदेशातून किट मागवावे का? भाचा अमेरिकेहून येणार आहे, त्याला काय सांगावे?

लहान प्रमाणातील मॉडेल सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांच्याच सदरात येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. मागवण्यापूर्वी त्या दिवशीचा दर पाहावा, आणि किमतीबरोबर टपालखर्चही हिशेबात धरावा. परदेशात स्वस्त दिसणारे किट दारात येईपर्यंत इथल्या दुकानदाराच्या दराच्या पुढे जाते, असा अनुभव आहे.

भाच्याला किट जरूर सांगावे. खोके बॅगेत दबू नये म्हणून त्यात मोजे भरायला सांगावेत. रंगाचे स्प्रे कॅन, लॅकरच्या बाटल्या आणि पातळ गोंद मात्र सांगू नयेत. ते ज्वालाग्राही असल्याने विमानात ना हातातल्या बॅगेत चालतात, ना सामानात.

तयार गाड्या आणि न उघडलेली खोकी कशी ठेवावीत?

काचेचे बंद कपाट, थेट ऊन न येणारी भिंत आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. धूळ मऊ ब्रशने काढावी; मेकअपचा जाड ब्रश उत्तम, फक्त तो नवा आणि आपला स्वतःचा असावा. खोकी जमिनीवर ठेवू नयेत, कारण पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि डेकलवर बुरशी येते. डेकल वेगळ्या बंद पिशवीत ठेवलेले बरे.

एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. मी किट्सची खोकी एका वर्षी जुन्या शालींच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवली, आणि झुरळांच्या धास्तीने चार गोळ्या एका उघड्या खोक्यातच टाकल्या. सहा महिन्यांनी उघडून पाहिले तर बॉडीचे छत चिकट झाले होते, बोट लावले की रेषा उमटत होत्या आणि एक गोळी सीटला जवळजवळ चिकटून बसली होती. या गोळ्यांतील नॅफ्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते. झुरळांसाठी दुसरा उपाय करावा.

उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर किट ठेवून बाजारात जाऊ नये. पातळ भाग वाकतात. किंचित वाकलेली बॉडी गरम पाण्यात बुडवून, हाताने सरळ करून, लगेच थंड पाण्यात धरल्यास बऱ्याच अंशी सुधारते.

लहान मुलांना हा छंद कोणत्या वयात द्यावा?

स्नॅप किट साधारण आठव्या-नवव्या वर्षी, मोठ्यांच्या सोबतीने. सुरी आणि पातळ गोंद त्यानंतर बऱ्याच उशिरा.

एखादा भाग उडून हरवला तर?

चिमट्यातून सुटलेला आरसा कुठे जातो हे या छंदातले जुने कोडे आहे. प्रथम जागचे हलू नये, कारण तो बहुधा आपल्याच मांडीवर असतो. मग दिवे मालवून टॉर्च जमिनीला आडवा धरावा; लहान वस्तूचीही सावली लांब पडते. तरीही न सापडल्यास व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बांधावा आणि टेबलाखाली फिरवावा, म्हणजे भाग आत न जाता मोज्यावर अडकतो. डाव्या बाजूचा आरसा हरवला आणि उजवा शिल्लक असेल तर त्याचा मातीच्या साच्यात ठसा घेऊन एपॉक्सीचा नवा करता येतो, पण आरसा उलट्या बाजूचा निघतो. त्याला पेपर मारून कामापुरता वळवावा लागतो. आणि हे सगळे सकाळी केर काढला जाण्यापूर्वी करावे.